कंट्रोलच्या पेशींतही एचएसपी-७० का दिसते?

एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते. गोव्यातल्या तिसवाडीतील एका प्रयोगशाळेत गाईच्या कासेतील एपिथेलियल पेशी ३७ अंश सेल्सिअसला वाढवल्या जातात. त्यांतील काही फ्लास्क एक तास ४२ अंशांच्या दुसऱ्या इनक्युबेटरमध्ये ठेवून नंतर वेस्टर्न ब्लॉटवर, म्हणजे प्रथिने वेगळी करून अँटिबॉडीने ओळखण्याच्या चाचणीत, एचएसपी-७० या उष्णतेसारख्या ताणात बनणाऱ्या प्रथिनाचे प्रमाण पाहिले जाते. जानेवारीत कंट्रोलची, म्हणजे तुलनेसाठी न तापवलेल्या पेशींची, लेन जवळपास कोरी आणि तापवलेल्या पेशींची लेन गडद, असे अपेक्षित चित्र मिळाले. एप्रिल-मे महिन्यांत मात्र चारपैकी दोन ब्लॉटवर दोन्ही लेन सारख्याच दिसल्या. मार्गदर्शकांना अँटिबॉडीचा संशय आहे. विद्यार्थिनीचे म्हणणे असे की सूक्ष्मदर्शकाखाली पेशी सुदृढ दिसतात, मग उष्णतेने पेशीत नेमके काय होते आणि हा घोळ कुठून आला?

अँटिबॉडी जरूर तपासावी, पण त्याआधी खोलीचे तापमान तपासावे. माझ्या अंदाजाने तुमचा कंट्रोल हा कंट्रोल राहिलेला नाही. त्या पेशी प्रयोगाच्या एक-दोन दिवस आधीच, कुणाच्या लक्षात न येता, तापलेल्या होत्या. असे का म्हणते, हे समजण्यासाठी पेशीच्या आत काय घडते ते पाहावे लागेल.

उष्णतेने पेशीत सर्वांत आधी बिघडते ती प्रथिनांची घडी. अमिनो आम्लांची लांब साखळी विशिष्ट तऱ्हेने दुमडली गेली तरच प्रथिन काम करते, आणि ही घडी पुष्कळशा दुर्बल बंधांवर टिकून असते. सस्तन प्राण्यांच्या पेशींत तापमान साधारण ४० अंशांच्या पुढे गेले की सर्वांत नाजूक प्रथिने उलगडू लागतात, त्यांचे पाण्याला टाळणारे आतले भाग उघडे पडतात आणि हे उघडे भाग एकमेकांना चिकटून गुठळ्या होऊ लागतात. सगळी प्रथिने एकदम उलगडत नाहीत, एक लहानसा हिस्साच उलगडतो, पण पेशीला तेवढा धोका पुरेसा असतो. पेशींना मारणारी गोष्ट हीच असावी, याचा एक जुना आणि भक्कम पुरावा ऊर्जेच्या हिशेबातून मिळतो: ४३ अंशांच्या वर पेशी मरण्याच्या वेगावरून काढलेली सक्रियण ऊर्जा (बदल घडायला ओलांडावा लागणारा ऊर्जेचा उंबरठा) मोलमागे सुमारे १४० किलोकॅलरी येते, आणि एवढा मोठा आकडा साध्या रासायनिक अभिक्रियेला नव्हे, तर प्रथिनांच्या उलगडण्याला शोभणारा आहे.

पेशीचे उत्तरही तापमानाला नसते, तर या उलगडलेल्या प्रथिनांच्या ओझ्याला असते, आणि तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने हा फरक फार महत्त्वाचा आहे. एचएसएफ-१ नावाचा एक नियंत्रक घटक निवांत पेशीत एकेकटा असतो आणि एचएसपी-९०, एचएसपी-७० यांसारखी सांभाळ करणारी प्रथिने त्याला धरून ठेवतात. घडी मोडलेल्या प्रथिनांची संख्या वाढली की ही सांभाळकरी प्रथिने तिकडे धावतात आणि एचएसएफ-१ मोकळा होतो. त्याचे तीन रेणू एकत्र येतात, केंद्रकातील ठरावीक डीएनए क्रमांना जाऊन चिकटतात आणि तिथली जनुके सुरू करतात. काही वेळाने नवे एचएसपी-७० पुरेसे तयार झाले, मोडलेली प्रथिने आवरली गेली, की तीच प्रथिने पुन्हा एचएसएफ-१ ला धरतात आणि जनुक बंद पडते. हे केवळ तर्कावर आधारलेले नाही. १९८६ मध्ये बेडकाच्या अंडपेशींत आधीच घडी मोडलेली प्रथिने सुईने सोडून पाहिली गेली, तेव्हा उष्णता अजिबात न देताही उष्माघात जनुके जागी झाली.

या यंत्रणेचा वेग थक्क करणारा आहे. ड्रोसोफिला या फळमाशीत असे दिसले की आरएनए बनवणारे पॉलिमरेज एचएसपी-७० जनुकाच्या सुरुवातीला आधीच येऊन थांबलेले असते, त्यामुळे इशारा मिळताच काही मिनिटांत काम सुरू होते. शिवाय या जनुकात इन्ट्रॉन, म्हणजे आरएनए वापरण्याआधी त्यातून कापून टाकावे लागणारे तुकडे, नसतात. तीव्र उष्णतेत पेशीचे इन्ट्रॉन कापण्याचे यंत्र बिघडते आणि इतर जनुकांचे आरएनए अर्धवट राहतात, पण ज्याला कापण्याची गरजच नाही असा हा आरएनए थेट पुढे जातो. त्याच वेळी बहुतेक प्रथिनांचे उत्पादन रोखले जाते, त्यांचे आरएनए ताण-कणिकांमध्ये बाजूला ठेवले जातात, आणि एचएसपी-७० चे भाषांतर मात्र चालू राहते. पेशीच्या सांगाड्यातले व्हिमेंटिनचे तंतू अनेक प्रकारच्या पेशींत गोळा होऊन केंद्रकाभोवती जमतात, केंद्रकातल्या केंद्रिकेचे रूप बदलते आणि पेशीविभाजन थांबते. विभाजनचक्रातली जागाही महत्त्वाची असते. डीएनए दुप्पट होत असतानाच्या आणि प्रत्यक्ष विभागणीच्या टप्प्यातील पेशी सर्वांत लवकर मरतात, त्याआधीच्या विश्रांतीसारख्या टप्प्यातील पेशी अधिक तग धरतात. म्हणून पेशींनी अर्धा भरलेला फ्लास्क आणि काठोकाठ भरलेला फ्लास्क एकाच तापमानाला वेगळी उत्तरे देतात.

यांतील जवळजवळ काहीही साध्या फेज काँट्रास्ट सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही. चार तास ४०-४१ अंशांवर राहिलेल्या पेशी सकाळी नेहमीसारख्याच पसरलेल्या आणि चिकटलेल्या दिसतात. ‘पेशी सुदृढ दिसतात’ हे तुमचे निरीक्षण खरे आहे, पण त्यावरून त्या तापल्या नव्हत्या असे म्हणता येत नाही.

आता इनक्युबेटरकडे वळू. नेहमीच्या सीओटू इनक्युबेटरला फक्त तापवता येते, थंड करता येत नाही. त्याच्या आत हीटर, पंखा आणि दाराचा वेगळा हीटर असतो. आतली जास्तीची उष्णता बाहेरच्या खोलीत निघून जाईल, या भरवशावर त्याचे नियंत्रण चालते. म्हणून खोली ठरवलेल्या तापमानापेक्षा किमान पाच अंशांनी थंड हवी. जानेवारीत गोव्यातली रात्र २० अंशांच्या आसपास असते, तेव्हा एसी बंद पडला तरी कुणाला कळत नाही. मे महिन्याची गोष्ट वेगळी. आपल्याकडे कमाल तापमान विदर्भासारखे चढत नाही, ३३-३४ अंशांवर राहते, त्यामुळे गोव्यातला उन्हाळा यंत्रांना त्रासदायक नाही असा एक गैरसमज आहे. पण किनाऱ्यावरची रात्र थंड होत नाही, आणि पेशीसंवर्धनाची खोली ही मुळात लहान, खिडकी बंद ठेवलेली आणि यंत्रांनी भरलेली असते. वळवाच्या पावसाआधीच्या गडगडाटात वीज जाते, जनरेटर सुरू होतो. बहुतेक ठिकाणी इनक्युबेटर आणि उणे ८० अंशांचा फ्रीजर जनरेटरवर असतात, एसी नसतो. फ्रीजर आपल्या पोटातली उष्णता त्याच खोलीत ओततो. दोन-तीन तासांत खोली ३६ अंशांच्या पुढे जाते, आणि ३७ वर लावलेला इनक्युबेटर हीटर पूर्ण बंद करूनही ३९-४० कडे सरकू लागतो. सकाळी वीज येते, एसी सुरू होतो, आणि आपण आठ वाजता दार उघडतो तेव्हा पडद्यावर ३७.० हाच आकडा असतो.

हे मी अनुभवातून लिहिते आहे. अनेक वर्षांपूर्वी मी जिथे काम करत होते तिथे आमच्या सीएचओ या हॅमस्टरच्या पेशींचे दोन महिन्यांचे निकाल याच कारणाने टाकून द्यावे लागले. अलार्म वाजत असे, पण रात्रीच्या आवाजाची तक्रार आल्यावर कुणीतरी तो बंद केला होता, आणि पेशी, सीरम व अँटिबॉडी बदलून झाल्यावर सर्वांत शेवटी आम्ही खोलीकडे पाहिले. त्या दोन महिन्यांत एका सहकाऱ्याच्या प्रबंधाचे एक प्रकरण गेले, त्याची खंत मला अजून आहे. म्हणूनच तुमचा प्रश्न वाचल्यावर पहिले बोट मी इनक्युबेटरकडे दाखवते.

या विषयाची सुरुवातही अशाच एका प्रसंगाने झाली, हे इथे सांगण्याजोगे आहे. इटालियन शास्त्रज्ञ फेरुच्चो रितोसा फळमाशीच्या लाळग्रंथींतील महागुणसूत्रांचा अभ्यास करत होते. कुणीतरी त्यांच्या इनक्युबेटरचे तापमान वाढवले होते, आणि गुणसूत्रांवर नेहमीपेक्षा वेगळ्याच जागी फुगवटे दिसू लागले. फुगवटा म्हणजे तिथले जनुक जोरात काम करत असल्याची खूण. १९६२ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले, आणि डायनायट्रोफेनॉल व सॅलिसिलेट या रसायनांनीही तसेच फुगवटे येतात हेही नोंदवले. त्या जनुकांपासून बनणारी प्रथिने १९७४ मध्ये ओळखली गेली. रितोसांच्या लक्षात आले ते त्यांना फुगवटे डोळ्यांनी दिसत होते म्हणून. आपल्या सपाट फ्लास्कमधील पेशी असा कोणताही फुगवटा दाखवत नाहीत.

तुमच्या ब्लॉटमध्ये आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे तुम्ही दुर्लक्ष केले असावे. कंट्रोलची लेन गडद झाली एवढेच नाही, तर तापवलेली लेन तिच्यापेक्षा फारशी वर गेली नाही. याला उष्मसहिष्णुता म्हणतात. १९७५ मध्ये हीला या मानवी पेशींवर हे स्पष्टपणे दाखवले गेले: एकदा सौम्य ताण बसून काही तासांची उसंत मिळालेल्या पेशी दुसऱ्या ताणात कितीतरी जास्त संख्येने जगतात. आधीचे एचएसपी-७० शिल्लक असल्यामुळे नवी मोडतोड लगेच आवरली जाते, एचएसएफ-१ फारसा मोकळा होत नाही आणि प्रतिसाद बुजरा येतो. हे प्रथिन पेशीत दोन-तीन दिवस सहज टिकते आणि सहिष्णुता ओसरायला साधारण तीन ते पाच दिवस लागतात. म्हणजे सोमवारी रात्री वीज गेली असेल, तर बुधवारी केलेला तुमचा प्रयोग हा पहिल्या नव्हे, दुसऱ्या तापवण्याचा प्रयोग होतो.

किती तापल्याने किती परिणाम होतो, यासाठी कर्करोगावरील उष्णता-उपचारांतून आलेला एक हिशेब उपयोगी पडतो. सपारेटो आणि ड्युई यांनी १९८४ मध्ये तो मांडला. सगळे ताण ‘४३ अंशांवरची मिनिटे’ या एकाच मापात आणायचे: ४३ च्या वर प्रत्येक अंशाला लागणारा वेळ निम्मा होतो, आणि ४३ च्या खाली प्रत्येक अंशाला चौपट. तुमचा ठरवून दिलेला ताण, म्हणजे ४२ अंशांवर एक तास, या मापात १५ मिनिटांचा होतो. ४१ अंशांवर चार तास हेही नेमके १५ मिनिटेच होतात. म्हणजे कुणी न पाहिलेल्या एका रात्रीचे ओझे तुमच्या मुद्दाम केलेल्या प्रयोगाइतकेच असू शकते. हा हिशेब पेशी मरण्याच्या नोंदींवरून काढलेला आहे आणि एचएसपी-७० त्याहून कमी ताणालाही जागे होते, त्यामुळे तो केवळ अंदाजासाठी वापरावा.

आता अँटिबॉडीचा मुद्दा. पेशीत एचएससी-७० नावाचे एक भावंड-प्रथिन कायम असते, ताणाशिवायही, आणि त्याची रचना एचएसपी-७० शी इतकी जुळते की काही अँटिबॉडी दोघांनाही पकडतात. तशी अँटिबॉडी असेल तर कंट्रोलमध्ये पट्टी नेहमीच दिसेल. पण मग ती जानेवारीतही दिसायला हवी होती. बाटली किंवा लॉट बदलला नसेल, तर हा संशय जवळपास मिटतो. खात्री करून घेण्यासाठी मी दुसरी तपासणी सुचवीन: त्याच कंट्रोल फ्लास्कमधून आरएनए काढून ताणाने जागणाऱ्या एचएसपी-७० जनुकाचे क्यूपीसीआर (आरएनएचे प्रमाण मोजणारी चाचणी) करा. सामान्य तापमानाला परतल्यावर हा आरएनए काही तासांत नाहीसा होतो, प्रथिन मात्र मागे राहते. प्रथिन आहे आणि आरएनए नाही, असे आढळल्यास ताण आदल्या एक-दोन दिवसांतला आहे. दोन्ही आढळल्यास ताण अगदी ताजा आहे, किंवा उष्णतेऐवजी दुसरेच काही पेशींना छळते आहे, उदाहरणार्थ माध्यमात उतरलेला जड धातू, किंवा ३७ वर लावलेला पण प्रत्यक्षात ४२ दाखवणारा वॉटर बाथ, ज्यातून काढलेले माध्यम तुम्ही थेट पेशींवर ओतता. तुलनेसाठी एकाच संदर्भ-जनुकावर (ज्याच्या प्रमाणात बाकीचे मोजायचे त्या जनुकावर) विसंबू नका. उष्णतेत सगळेच आरएनए हलतात, म्हणून किमान दोन-तीन जनुके तपासून घ्या.

तापवण्याच्या पद्धतीतही दुरुस्ती हवी. हवेच्या इनक्युबेटरमध्ये फ्लास्क ठेवल्यावर आतले माध्यम ४२ ला पोहोचायला बराच वेळ जातो, कित्येकदा अर्धा तास किंवा अधिक, आणि कोणत्या फळीवर किती फ्लास्क आहेत त्यावर तो बदलतो. तुमच्या एका तासातला नक्की किती वेळ पेशी ४२ अंशांवर होत्या, हे आज तुम्हाला सांगता येणार नाही. फ्लास्कची टोपी घट्ट लावून, पॅराफिल्मने गुंडाळून, तो ढवळत्या वॉटर बाथमध्ये बुडवा. सोबत तितकेच माध्यम भरलेला, पण पेशी नसलेला एक फ्लास्क ठेवून त्यात थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) सोडा, आणि त्याने ठरलेले तापमान दाखवल्यापासून वेळ मोजा. बंद फ्लास्कला बाहेरून सीओटू मिळत नाही, म्हणून माध्यमात आम्लता स्थिर राखणारे हेपिस (HEPES) घाला. आम्लता वाढली तर पेशी उष्णतेला अधिक हळव्या होतात, आणि तो दोष तुम्ही उष्णतेच्या माथी माराल. कंट्रोलचा फ्लास्कही तसाच गुंडाळून ३७ च्या वॉटर बाथमध्ये तेवढाच वेळ बुडवला पाहिजे. ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते ती गाळलेला प्रयोग छापण्याच्या योग्यतेचा नसतो.

तापवल्यानंतर लगेच ट्रायपॅन ब्लू (मेलेल्या पेशी निळ्या करणारा रंग) वापरून ९५ टक्के पेशी जिवंत असल्याचे समाधान मानू नका. उष्णतेने होणारा मृत्यू उशिरा येतो. २४, ४८ आणि ७२ तासांनी मोजणी करा, आणि तरंगणाऱ्या पेशी फेकून न देता त्यांचीही गणना करा.

गाईच्या पेशी आहेत म्हणून एक गोष्ट वेगळी सांगते. गाईचे शरीर ३८.५ अंशांच्या आसपास असते, त्यामुळे तुमचा ३७ अंशांचा कंट्रोल तिच्या दृष्टीने किंचित थंडच आहे. गाईच्या भ्रूणांवर काम करणारे म्हणूनच ३८.५ वापरतात. उन्हाने त्रासलेली गाय ४०-४१ अंशांपर्यंत जाते, तीही तासन्‌तास, आणि रात्री थोडी सावरते. ४२ अंशांवर एक तास हा यंत्रणा जागी करण्याचा उत्तम प्रयोग आहे, पण ‘उन्हाळ्यात दूध का आटते’ याचे उत्तर त्यातून मिळणार नाही. त्यासाठी ४०-४१ अंशांचा १२ ते २४ तासांचा ताण घ्यावा लागेल, आणि गोठ्यातल्या गाईचे चारा कमी खाणे, तिचा बदललेला रक्तप्रवाह आणि संप्रेरके यांतले काहीही फ्लास्कमध्ये नाही, हे निष्कर्षात स्पष्ट लिहावे लागेल.

‘उष्ण’ म्हणजे किती, हे प्रत्येक जातीच्या पेशींचे वेगळे असते. फळमाशीच्या पेशी २५ अंशांना सुखात असतात आणि ३६-३७ ला त्यांना उष्माघात होतो, म्हणजे आपल्या पेशींचे सुखाचे तापमान त्यांच्यासाठी संकट ठरते. तुमच्या खोलीत कुणी डासाच्या पेशी, एसएफ-९ सारख्या पतंगाच्या पेशी किंवा मासळीच्या पेशी २८ अंशांवर वाढवत असेल, तर त्यांना आवर्जून सांगा की गोव्याच्या मे महिन्यात फक्त तापवणाऱ्या इनक्युबेटरमध्ये २८ अंश राखणे अशक्य आहे. थंड करण्याची सोय असलेला बीओडी इनक्युबेटरच हवा, आणि तोही जनरेटरवर हवा.

सध्या काय करावे ते सांगते. एप्रिल-मे महिन्यांतले चारही ब्लॉट बाजूला ठेवा, त्यांची सरासरी काढू नका. त्या काळात वाढवलेले फ्लास्क पुढे वापरू नका. जानेवारीत गोठवलेली व्हायल असेल तर ती काढा, दोन पासेज (नव्या फ्लास्कमध्ये पुन्हा वाढवण्याच्या फेऱ्या) होऊ द्या, आणि या साऱ्या काळात आठवडाभर तापमान सलग नोंदले गेल्याशिवाय प्रयोग करू नका. नोंदीसाठी बॅटरीवर चालणारा छोटा डेटा लॉगर पुरतो. त्याचा संवेदक पाणी भरलेल्या बंद बाटलीत घालून मधल्या फळीवर पेशींच्या शेजारी ठेवा, कारण दार उघडताच हवेचे तापमान घसरते आणि पेशींभोवतालच्या द्रवाचे तितके घसरत नाही. दर पाच मिनिटांनी नोंद पुरेशी आहे. दुसरा लॉगर खोलीत लावा. खोली ३२ च्या वर गेल्याची एकही नोंद सापडली, तर त्या दिवसापासून पाच दिवस प्रयोग पुढे ढकला. एसी जनरेटरवर घेण्यासाठी विभागप्रमुखांकडे अर्ज करताना हाच आलेख जोडा. शब्दांपेक्षा त्याचा उपयोग अधिक होतो, असा माझा अनुभव आहे. चवथीच्या सुट्टीत प्रयोगशाळा बंद असते तेव्हा पेशी चालू ठेवू नका, त्या आधीच गोठवून ठेवा.

पुढचा ब्लॉट झाला की त्याच्या आधीच्या पाच दिवसांचा तापमानाचा आलेखही सोबत पाठवा. दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय अँटिबॉडीबद्दल मी याहून अधिक ठामपणे काही सांगू शकणार नाही.